पंचवीस डिग्रीची जीभ

बेलखार गावात रोहिदास घरताच्या जिभेला जो मान होता, तो सरपंचालाही नव्हता. मिठागराच्या कुंडीत तो बोट बुडवायचा, जिभेला लावायचा आणि आकडा सांगायचा. "एकवीस." "साडेतेवीस." मिठागरवाल्यांच्या सोसायटीत खारेपणा मोजायची काचेची नळी होती, पण ती बिचारी वर्षानुवर्षं पेटीत झोपलेली असायची. समुद्राचं पाणी खारेपणात तीन डिग्री. उन्हात आटत आटत ते पंचवीसवर आलं की मीठ धरायला लागतं, आणि ती घडी ज्याला कळली त्याचं मीठ पांढरंशुभ्र. एकदा एका सरकारी साहेबाने मुद्दाम सात वाट्या मांडून रोहिदासची परीक्षा घेतली. सातही आकडे बरोबर आले. साहेब हसून म्हणाला, "हा माणूस असताना यंत्राला कोण विचारतो?" माणसाला कशाचा गर्व होईल ते सांगता येत नाही. कुणाला घराण्याचा होतो, कुणाला केसांचा. रोहिदासला जिभेचा झाला, आणि त्या दिवसापासून तो वाढतच गेला.

मग काळ उलटा फिरला. बेलखारच्या आगऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या खाडीचं पाणी उन्हाला दिलं होतं आणि मीठ स्वतःकडे ठेवलं होतं. पाणी हवेत उडून जायचं, त्याची कुणाला पर्वा नव्हती. आता धरणं एकामागून एक तळ दाखवायला लागली, शहरांना दिवसाआड पाणी मिळेना, आणि जे उडून जात होतं तेच सोनं ठरलं. मीठ झालं कचरा.

शहरांना पाणी विकणाऱ्या कंपनीने मिठागरावर जे यंत्र मांडलं ते दिसायला अगदीच साधं होतं. खाटेएवढी चौकट, वर काच, आत काळं कापड. दिव्याची वात तेल वर ओढते तसं ते कापड खारं पाणी वर ओढायचं. उन्हाने ते तापायचं, पाण्याची वाफ व्हायची आणि मीठ मागे राहायचं. इथवर काही नवल नाही. आजीसुद्धा भाताच्या झाकणावरचं गोडं पाणी बघत आली आहे. खरी हुशारी पुढे होती. पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच उष्णता वाफेचं पुन्हा पाणी होताना बाहेर पडते. एरवी ती फुकट जाते. इथे वाफ ज्या पत्र्यावर गार व्हायची, त्याच पत्र्याच्या पाठीला दुसरं काळं कापड चिकटवलेलं होतं. पहिल्या वाफेची उष्णता दुसऱ्या कापडाला, दुसरीची तिसऱ्याला, असे दहा थर. एकच ऊन दहा वेळा राबायचं. वीज नको, कोळसा नको. एका खाटेतून दिवसाला पन्नास लिटर गोडं पाणी निघायचं, आणि बेलखारच्या खाडीकाठच्या खाजणात अशा दोन लाख खाटा होत्या.

उरायचं ते दाट, कढत खारं पाणी. ते खाडीत सोडलं तर मासळी मरते, म्हणून कायद्याने बंदी. पावसाळ्यात पुराच्या पाण्याबरोबर थोडं थोडं सोडायचं आणि बाकीचे आठ महिने साठवायचं, असं ठरलं. साठवायचं कुठे? जुन्या कुंड्यांमध्ये. त्यांच्या तळाला जाड प्लास्टिक अंथरायचं कंपनीच्या आराखड्यात होतं. त्यावर ग्रामसभेत रोहिदास उठून उभा राहिला होता.

"पलास्टिक कनाला?" तो म्हणाला होता. "आमच्या कुंड्यांना तल हाय, चालनी नाय. आमच्या आज्यापंज्याच्या पायाखालची जमीन हाय ती. तीनशे वर्षांत थेंब खाली गेला नाय."

ते खोटं नव्हतं. दर दसऱ्यानंतर गावातले सगळे पुरुष एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, रांग धरून कुंड्यांचा ओला चिखल तुडवत. आठ आठ दिवस तुडवणी चालायची. त्या तळावर पाणी काचेवर राहावं तसं राहायचं. कंपनीच्या साहेबांनी चार ठिकाणी खोदून पाहिलं, मान डोलावली आणि कागदावर लिहिलं की स्थानिक अनुभवानुसार तळ अभेद्य आहे. प्लास्टिक रद्द झालं. रोहिदासला निळा शर्ट मिळाला, त्यावर शिवलेलं ‘क्षार निरीक्षक’. तुडवणी मात्र त्या वर्षापासून बंद पडली. मीठच काढायचं नाही, तर चिखल कोण कशाला तुडवील?

कंपनीने घराघरात नळ दिले, हे कबूल करायला हवं. चोवीस तास गोडं पाणी. पण बेलखारकरांनी ते प्यायला नकार दिला. मिठावर वाढलेल्या तोंडाला ते पाणी लागेचना. "मेलेला पानी" म्हणायचे त्याला. त्या पाण्यात कपडे धुवायचे, म्हशी धुवायच्या, आणि प्यायला डोंगराच्या पायथ्याची गोडी विहीर. मिठागराच्या गावात गोड्या विहिरीचा थाट देवीसारखा. नव्या नवरीच्या हातून पहिली कळशी तिथली, बाळाची पहिली आंघोळ तिथल्या पाण्याची.

चौथ्या उन्हाळ्यात सबा इनामदार नावाची तरुण इंजिनिअर प्रकल्पावर आली. मुलगी धाराशिवकडची. पहिल्याच आठवड्यात ती रोहिदासबरोबर विहिरीवर गेली, ओंजळभर पाणी प्यायली आणि तिने तोंड वाकडं केलं.

"घरतकाका, हे खारट लागतंय की!"

काठावरच्या बायका खो खो हसल्या. त्यात शेजारच्या हिराजीची बायको चांगुणा सगळ्यांत मोठ्याने. "घाटावरची जीभ ती! तिला काय समजतं खारा नि गोर?" आगरी तोंडात गोड पाणी ‘गोर’ होतं.

सबाने खिशातून पेनाएवढं मीटर काढून पाण्यात बुडवलं. "लिटरमागं दीड ग्रॅम. हे प्यायचं पाणी नाही, काका. मागच्या साहेबांच्या नोंदीत पाव ग्रॅम होतं."

बायका रोहिदासकडे बघायला लागल्या. त्याने सावकाश पोहरा ओढला, पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटून घोळवलं. त्याला त्यात काहीच सापडलं नाही.

"गोर हाय," तो म्हणाला. "तुझा पेन बिघरलाय, पोरी."

विषय मिटला. सबाने वरती अहवाल पाठवला, वरच्यांनी तो आणखी वर पाठवला.

आता खरं सांगायचं तर रोहिदासच्या डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं असं नाही. विहिरीच्या ओघळावरचा अळू कडेने करपला होता. पोहऱ्याची कडी वर्षात दोनदा गंजून तुटली. रंजना, त्याची बायको, कुरकुरायची की डाळ शिजता शिजत नाही. एरवी अशा तीन गोष्टी त्याने जोडल्या असत्या. पण विहिरीत खार उतरला म्हणजे कुंड्यांचा तळ फुटला, आणि तळ फुटला म्हणजे भर सभेत रोहिदास घरताने दिलेला शब्द फुटला. तेव्हा अळूला ऊन लागलं, कडी हलकी होती आणि डाळ जुनी होती. मन मोठं चलाख असतं. त्याला नको ते ते बघत नाही.

पुढच्या फेब्रुवारीत त्याची मुलगी जुई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. पनवेलच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. सातवा महिना होता. एकुलती एक लेक आणि पहिलं नातवंड, रोहिदासचे पाय जमिनीवर नव्हते. तिच्यासाठी विहिरीवरून कळशी आणायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. गावात पुरुष पाण्याला जात नाहीत, बायका हसल्या, तर तो म्हणाला, "हसा. माझ्या नातवाला मेलेला पानी नाय देनार मी."

पहिल्या दिवशी जुईने पेला तोंडाला लावला आणि थांबली. "बाबा, पाणी जरा जड लागतंय."

"सासरी जाऊन जीभ इसरलीस काय बाय? तुझ्या आईनं ह्याच पान्यावर तुला नऊ महिने वागवली."

"मी नळाचं पिते ना. तिकडे पनवेललाही नळाचंच पितो आम्ही."

कळशी तशीच ठेवून रोहिदास ओसरीवर जाऊन बसला, पाठ करून. रंजनाने लेकीला डोळ्याने खुणावलं. जुई हसली, उठली आणि पेला संपवून बापासमोर उलटा धरून दाखवला. त्यानंतर ती रोज तेच पाणी प्यायली. उन्हाळा होता, पोटात जीव होता, तहान फार लागायची. दिवसाला चार-चार लिटर.

मार्चअखेर तिचे पाय सुजले. चांगुणा म्हणाली, पहिलटकरणीचे सुजतातच. मग बोटातली अंगठी निघेना. मग डोकं दुखायला लागलं. तालुक्याची नर्स यायची होती ती लसीकरणाला अडकली, आणि जुई म्हणाली, चार दिवसांनी दाखवायची तारीख आहेच. एप्रिलच्या एका दुपारी, ताटावर बसलेली असताना, ती म्हणाली, "आई, मला दोन-दोन ताटं दिसतायत." एवढं बोलली आणि आडवी झाली. हातपाय ताठ, डोळे पांढरे, तोंडातून फेस. रोहिदासने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

प्रकल्पाची गाडी घेऊन सबाच धावत आली. पेणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत जुईला आणखी दोनदा झटका आला. ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी होती, सगळी बोटं, नखं जिथल्या तिथे, आणि श्वास नाही. जुई वाचली. तिच्या मूत्रपिंडांचं काय होईल ते महिन्याभराने कळेल, असं डॉक्टर म्हणाल्या.

डॉक्टर परांजपे पन्नाशीच्या, थकलेल्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "खाण्यात मीठ फार होतं का? लोणचं, सुकी मासळी?"

"नाय हो," रंजना म्हणाली. "मी सगळा आळणीच देत होते." आणि लेकीसाठी घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी तिने पेल्यात ओतलं.

"हे कुठलं पाणी?"

"आमच्या विहिरीचं. गोडं."

डॉक्टरांनी एक घोट घेतला आणि बेसिनमध्ये थुंकला. मग त्यांनी पेला सबाकडे दिला. सबाने मीटर बुडवलं, बराच वेळ आकड्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "अडीच ग्रॅम."

"या उन्हात दिवसाला चार लिटर प्यायली असेल तर दहा ग्रॅम," डॉक्टर म्हणाल्या. "माणसाला दिवसभरात सगळं मिळून पाच पुरे. एवढ्यानेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, अशा गोष्टींना दहा कारणं असतात. पण खाऱ्या पाण्याच्या गावांत गरोदर बायकांचं रक्तदाब वाढून असं होतं, हे जगभर दिसलंय."

"मना खारा लागला नाय," रोहिदास म्हणाला. तो भिंतीला टेकून उभा होता. "मी रोज चाखत होतो. चालीस वर्षं मीठ चाखलाय ह्या जिभेन."

"लागणार नाही. थुंकीतसुद्धा मीठ असतंच ना? ते जिभेला जाणवत नाही, कारण तिथूनच जीभ मोजायला सुरुवात करते. मीठ हळूहळू वाढत गेलं तर तिची सुरुवातही वर सरकत जाते. तुमच्यासारखी चाळीस वर्षं खार चाखलेली जीभ तर विचारूच नका."

तळाचं सबाने त्याला बाहेरच्या बाकावर समजावलं. चिखलाचे कण चपटे असतात. पायाने तुडवले की ते पापडांसारखे एकावर एक आडवे बसतात आणि पाण्याला वाट सापडत नाही. पण त्यात कढत, दाट खारं पाणी वर्षानुवर्षं साठलं, तर त्या कणांचे गोळे व्हायला लागतात. पापडांच्या जागी लाडू. लाडवांच्या राशीतून पाणी वाहतं. वरून तळ होता तसाच दिसतो.

"तुमचं चुकलं नव्हतं, काका. मिठाच्या वेळी तळ गळतच नव्हता. तुम्ही दरसाल तुडवत होता, आणि एवढं कढत पाणी त्यात कधी साठलंच नव्हतं."

रोहिदासला हे ऐकू आलं, पण त्याचं समाधान झालं नाही. त्याला करपलेला अळू दिसत होता.

आठव्या दिवशी जुईला बोलायची ताकद आली. रोहिदास पायाशी बसला होता. ती छताकडे बघत म्हणाली, "बाबा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"हो, बाय."

"वर्गात मुलांना शिकवते मी, जिभेवर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. आणि तुम्ही रुसलात म्हणून प्यायले." ती रडत नव्हती. "तुमच्यावर नाही चिडले मी. म्हणजे चिडलेय. पण तिथे अजून मयूरी आहे ना?"

मयूरी म्हणजे हिराजी आणि चांगुणाची सून. पाचवा महिना.

रोहिदास त्याच सकाळी गावाकडे निघाला. रंजनाही कपडे घ्यायला त्याच्याबरोबर आली. विहिरीवर पोचले तर सबाने लावलेला ‘पिण्यास अयोग्य’ फलक उपटून बांधावर टाकलेला, आणि बायकांची रांग नेहमीसारखी. चांगुणा पोहरा ओढत होती. शेजारी मयूरी, कमरेवर भरलेली कळशी.

"चांगुणावयनी, हा पानी नका पिऊ," रोहिदास म्हणाला. "त्या पोरीला तर अजिबात नको."

"आता तूपन त्या पेनवाल्या बाईचा ऐकाला लागलास?" चांगुणा म्हणाली. आवाजात राग नव्हता, कीवच होती. "जुईचा वाईट झाला, मना समजतं. पन नजर लागली पोरीला. विहिरीचा काय दोष? तीनशे वर्षांचा पानी हाय. आमी सगली पितो, आमाला काय झाला?"

"पेन खरा सांगतो."

"पेन र्‍हाऊ दे. तू चाख नि सांग. तुझी जीभ बोलल ती खरी."

बाकीच्या बायका सरकल्या. हिराजी आणि आणखी चार-पाच पुरुष बांधावरून खाली आले. चांगुणाने पोहरा पुढे केला.

रोहिदासने पाणी तोंडात घेतलं. जिभेच्या शेंड्यावर, कडांना, टाळूला, घशाच्या वर, सगळीकडे फिरवलं. सात वाट्या ओळखणारी त्याची जीभ अडीच ग्रॅम शोधत होती. ती जीव तोडून शोधत होती. बेसिनमध्ये थुंकणाऱ्या डॉक्टरीणबाई त्याने आठवल्या, पेला ओठाला लावून थांबलेली लेक आठवली. पण पाणी गोड होतं. लहानपणी पहिल्यांदा प्यायला होता तितकंच गोड. हे खरंखरं सांगितलं असतं, की बायांनो, माझी जीभ मेली आहे, मला गोड लागतंय म्हणूनच पिऊ नका, तर त्या हसल्या असत्या आणि कळशा भरून घरी गेल्या असत्या.

त्याने पाणी थुंकलं.

"खारा हाय."

चांगुणाने स्वतः ओंजळभर पाणी पिऊन बघितलं. "मना तर गोर लागतं. तुला खारा लागतो?"

"लागतो."

"कधीपासून?"

रोहिदासला तिचा प्रश्न कळला. आजपासून म्हणावं, तर आठ दिवसांपूर्वीपर्यंत गोड होतं ते उद्या पुन्हा गोड होईल, असं त्या धरून चालतील. पोरीच्या दुःखाने याच्या तोंडाची चव गेली म्हणतील. त्याच्या शेजारी रंजना उभी होती.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "ती पोर पेन घेऊन आयली तवापन लागला होता."

हिराजी एक पाऊल पुढे आला. "मंग जुईला?"

"तवापन."

"समजून उमजून पाजलास?"

"तलाचा शब्द मी दिला होता. तो खोटा पराला नको, म्हनून नाय बोललो."

शब्द एकेक करून बाहेर आले. त्यातलं खोटं किती आणि खरं किती, हे त्या घडीला त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

चांगुणाने सुनेच्या कमरेवरची कळशी ओढून घेतली आणि विहिरीच्या दगडांवर उपडी केली. मग दुसरीने केली, तिसरीने केली. पाणी ओघळातून वाहत गेलं. हिराजी रोहिदासच्या पायाशी थुंकला आणि मयूरीला पुढे घालून घराकडे निघाला. रांग मोडली.

रोहिदासने वळून पाहिलं. रंजना त्याच्याकडे बघत होती. गेले आठ दिवस दवाखान्याच्या बाकावर तिने त्याचा हात धरला होता, तुझी चूक नाही म्हणून त्याला घास भरवला होता. त्याने काही बोलायला तोंड उघडलं. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि ती एकटीच बांधावरून पेणच्या रस्त्याकडे चालायला लागली.